मखर

पश्चिमेची खिडकी मी नकाशातून तिसऱ्यांदा खोडली
तेव्हा बाबा म्हणाले, "हवा कुठून येईन मग?"
मी म्हटलं, मे महिन्यात बेसा रोडवर
पश्चिमेकडून जे येतं त्याला हवा म्हणत नाहीत.

ते हसले नाहीत.
चाळीस वर्षं गोळीबार चौकातल्या आठ बाय दहाच्या दुकानात
त्यांनी कूलरच्या ताट्या भरल्या.
होळी झाली की आमच्या घराला वाळ्याचा वास यायचा
आणि माझी शाळेची फी
लोकांच्या उकाड्यातून निघायची.

ठोकळे ट्रकमधून उतरले. पांढरे, हलके,
पोरानं एका हातानं उचलावेत असे.
समोरच्या हेडाऊकाकू गेटाशी येऊन म्हणाल्या,
"काय वं चारुलता, गणपतीचं मखर मांडून राहिली का?"
झालं. गल्लीभर तेच नाव पडलं.
ठोकळ्यात ठोकळा बसत गेला, मधल्या पोकळीत सळ्या.
करवतीखाली उडालेले दाणे
हेमराज मिस्त्रीच्या मिशीत, पाण्याच्या ड्रमात,
डब्यातल्या वरणात,
जसा कोणी साबुदाणा भिजवायचा विसरला.

ओतकाम पहाटे साडेतीनला.
मी बजावलं होतं, चार फुटांच्या वर एका दमात नको.
तो म्हणाला, "मॅडम, वीस वर्सं झाली भिंती ओतून."
पावणेपाचला उत्तरेच्या कोपऱ्याला पोट आलं.
पांढरं, सावकाश फुगणारं,
आतलं ओलं वजन वाट शोधणारं.
कोणी ओरडलं नाही.
हेमराज पाठ लावून उभा राहिला,
मग मी, मग टँकरचा ड्रायव्हर,
आणि बाबा फळी आणायला धावले
एक चप्पल चिखलातच सोडून.
गिलाव्याखाली तिथे अजून अर्धा इंच फुगवटा आहे.
कॅलेंडर भिंतीला टेकत नाही.

सिमेंटमध्ये कोराडीची राख होती.
ज्या कोळशावर अख्ख्या शहराचे कूलर फिरले
तो जळून उरला, आणि माझ्या भिंतीत येऊन गार उभा राहिला.
मला हे फार मोठं वाटलं होतं.
बाबा म्हणाले, "राखेले काय, ते कुठंबी बसते."

नवतपा लागला. सेहेचाळीस पॉइंट आठ.
दुपारी तीनला त्यांनी पश्चिमेच्या भिंतीला
आतून तळहात लावला,
नाडी बघावी तसा. बराच वेळ.
मग डोक्याला दुपट्टा बांधून बाहेर गेले,
बाहेरून हात टेकवला, झटकन काढला,
पुन्हा आत. पुन्हा तळहात.
खिशातली वही काढून खुर्चीवर बसले.
सदर, दोन ताट्या.
धंतोली, डॉक्टरीणबाई, चार, वाळ्याच्याच पाहिजेत.
प्रत्येक नावावरून बोट फिरवत गेले,
आणि मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन
भरलेला माठ पुन्हा भरला.

रात्री जाग आली ती आवाजानं.
हॉलमध्ये दुकानातला जुना कूलर,
पंप नाही, पाणी नाही, ताट्या काढलेल्या,
नुसता पंखा घरघरत होता.
"लय चूप आहे इथं," अंधारातून बाबा म्हणाले,
"कान दुखते."

मी सगळं मांडलं होतं.
छज्जा अडीच फूट, छतावर चुना,
एकवीस जूनच्या सावलीचा कोन,
खोलीगणिक, तासागणिक युनिटं.
हे एकशे ऐंशी वॅट कुठेच धरले नव्हते.

चटई ओढून मीही त्यांच्या बाजूला आडवी झाले.
वाऱ्याला कसलाच वास नव्हता.
कुठल्या सांदीतून सुटला कोण जाणे,
एक पांढरा दाणा तरंगत आला
आणि बाबांच्या भुवईत अडकला.
ते झोपले होते. मी काढला नाही.